सतरा नावांचे रोट

साक्रीपलीकडच्या खैरखेड्याहून तानुबाईचं घर जळगावला आलं ते एका ट्रकमधून, आणि तो ट्रकही अर्धा रिकामाच होता. एक्केचाळीस वर्षांचा संसार ट्रकच्या अर्ध्यात मावतो, असं कोणी आधी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. मुलगा रुपचंद ड्रायव्हरशेजारी, त्याच्या पलीकडे सून पुष्पा, तिच्या मांडीवर नऊ वर्षांची कुंदा, आणि खिडकीशी तानुबाई. तिच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला नारळ. धुळं गेलं, पारोळं गेलं, एरंडोल गेलं. रस्त्यात खड्डे असे की एका खड्ड्यात आधीच एक ट्रक उतरलेला होता आणि त्याचा क्लीनर आत स्टोव्हवर चहा करत बसला होता. पण नारळाला धक्का लागला नाही. तो नारळ म्हणजे कानबाई होती.

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. जिच्या घरी ती बसते तिथे सगळी भाऊबंदकी गोळा होते. तानुबाईच्या कुळाची रीत अशी, की कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मापटं गहू मोजायचे, त्यात हरभऱ्याची डाळ घालायची, दळायचं आणि माणशी एक असा जाडजूड रोट भाजायचा. ते रोट कुळातल्यांनीच खायचे. लेक लग्न होऊन गेली की तिलाही मिळत नाही, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची काय कथा. एक कण घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि राखीपौर्णिमेपर्यंत टोपलं रिकामं झालं पाहिजे. झालं, तर देवी त्या घरात सुखाने बसली म्हणायचं. उरलं, तर तिला ते घर मानवलं नाही.

तानुबाईचा नवरा पुना कुळात थोरला, म्हणून कानबाई त्याच्या घरी. तो गेल्यावरही ती तिथेच राहिली. मग रुपचंदला जळगावच्या एका दाळमिलमध्ये कारकुनी लागली, त्याने गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत दोन खोल्या बांधल्या, आणि प्रश्न आला की आता देवी कुठे. पुनाचा चुलत भाऊ तोताराम, तो आता कुळाचा कारभारी. त्याने पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, की वहिनीने नारळ न्यावा, हक्क तिचाच आहे. पण तिकडे रोट संपवणार कोण? चार तोंडं. यंदाचं वर्ष बघू. पौर्णिमेला मी स्वतः येईन. टोपलं रिकामं दिसलं तर देवी जळगावची. एक तुकडा जरी उरलेला दिसला तर नारळ मी पिशवीत घालून परत आणीन. आणि एवढं बोलून, जरा थांबून, तो म्हणाला होता, की मग वहिनीनेही पाहिजे तर त्याच गाडीने परत यावं.

तानुबाईने ते शेवटचं वाक्य नारळाबरोबर फडक्यात बांधून आणलं होतं.

कारण जळगाव तिला मानवलं नव्हतं. घर चांगलं होतं, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. फरशी अशी गुळगुळीत की पहिल्या दिवशी मांजर दारातून आत आलं ते थेट मागच्या दारातून बाहेर गेलं, मध्ये त्याला थांबताच आलं नाही. पण स्वयंपाक उभ्याने. भांडी उभ्याने. बाहेर बसायला ओटा नाही, तीन पायऱ्या, आणि पुढे लोखंडी फाटक. रुपचंद सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. कुंदा शाळेत. पुष्पा भली, पण तिला मशीनवर ब्लाऊज शिवायचं वेड, आणि मशीन सुरू झालं की बोललेलं ऐकू येत नसे. गावाहून आणलेलं जातं ठेवायला कुठेच जागा सापडेना, म्हणून ते जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसलं होतं, रुसलेल्या म्हातारीसारखं. तानुबाई त्याच्या शेजारून गेली की त्याच्याशी दोन शब्द बोलायची. तेवढंच दिवसाचं बोलणं व्हायचं.

गल्लीतल्या बायका चांगल्या होत्या. येता-जाता हसायच्या. ती म्हणायची, ये व बाई, बसाले ये. त्या म्हणायच्या, हो आजी, येऊ ना एकदा. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, ते एकदा काही आलं नाही. तानुबाई पायरीवर बसून समोरच्या फाटकांच्या कड्या मोजायची. अकरा होत्या. रोज अकराच भरायच्या.

श्रावण लागला. रुपचंदने खैरखेड्याला पत्र टाकलं, की सगळ्यांनी रविवारी यावं. तोतारामचं उत्तर आलं, दोन ओळींचं. कापसात निंदणी आहे, कोणी येणार नाही, तुमचं तुम्ही करा, पौर्णिमेला मी येतोच आहे. तानुबाईने कुंदाकडून ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदाही कोणी येत नव्हतं.

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं तशी पुष्पा बादल्या घेऊन बाहेर गेली. तानुबाईने सूप घेतलं, मापटं घेतलं, पूर्वेकडे तोंड करून बसली. घरात पुरुष एकच. तिने नाव घेतलं, रुपचंद, आणि सव्वा मापटं गहू सुपात टाकले. ते सुपाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसले, चिमणीने टाकून दिल्यासारखे. तानुबाईने त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं हे सूप तिने काठोकाठ भरलेलं पाहिलं होतं. तिच्या हाताला वजनाची सवय होती, आणि जिभेला नावांची. तिने म्हटलं, तोताराम, आणि दुसरं माप टाकलं. मग वना. मग हिलाल, आणि हिलालचे दोघे. एकदा माळ हातात आली की मध्येच मणी सोडता येत नाही. पुष्पा तिसरी बादली घेऊन आत आली तेव्हा सासूबाई सतराव्या नावावर होत्या आणि सुपातले गहू फरशीवर सांडत होते.

पुष्पा दारातच थांबली. तिला आधी वाटलं, गावाहून कोणी येतंय की काय. मग सासूचं तोंड पाहून तिला कळलं, कोणीही येत नाहीये.

"आत्याबाई, आपण चारच माणसं हो."

"नाव घेतलं का मोजलं. आता मागं टाकता येत नही," तानुबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा गुन्हेगारासारखा तोराही होता.

गिरणीवाल्याने डबे पाहून विचारलं, लग्न कुठलं. रोट भाजता भाजता रविवार निम्मा सरला. सतरा रोट, एकेक असा की पाटीवर ठेवला तर पाटी म्हणायची, उतरवा. कानबाई चौरंगावर बसली, नारळाला नथ घातली, डोळे रेखले, फुलोरा बांधला. गाणी म्हणायला तानुबाई एकटी. एक ओळ म्हणायची आणि पुढच्या ओळीला कोणी उचलून घेईल म्हणून थांबायची. मग तीही स्वतःच म्हणायची. सोमवारी विसर्जन झालं, देवी पुन्हा फडक्यात गेली, आणि घरात उरलं ते टोपलं.

रविवारीच दोन रोट गेले होते, दुधात कुस्करून, गूळ घालून. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दोन गेले, पण ते जिद्दीने. तोवर रोट वाळून असे झाले होते की रुपचंदने एक स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला तर पलीकडच्या घरातल्या माणसाने ओ दिली. दूधवाल्याला वाटलं यांनी वासरू आणलं, कारण चार माणसांच्या घरी रोज तीन लिटर दूध जात होतं. कुंदाचा हलणारा दात मंगळवारी पडला, आणि तिने त्याचं श्रेय रोटाला दिलं. डब्यात रोट, संध्याकाळी रोट. टोपल्यात अकरा उरले, आणि पौर्णिमा रविवारी.

मंगळवारी जेवताना रुपचंदने हळूच विषय काढला. म्हणाला, माय, मेहरूणच्या तळ्यात सोडू, मासे खातील, कोणाला कळणार. नाहीतर गायीला घालू. तोताराम काका काय टोपल्याला विचारणार आहेत? तानुबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचा घास न चावताच गिळला, आणि त्या रोटाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती. कानबाईला फसवायचं असेल तर ते दुसऱ्या कोणी फसवावं, ती म्हणाली.

पण खरं सांगायचं तर तिचं तिलाच कळत नव्हतं. टोपलं उरलं की नारळ परत जाणार होता, आणि नारळाबरोबर तिला जायला कोणाची ना नव्हती. मग तिने सतरा नावं घेतली ती सवयीने, की त्यासाठीच? हा प्रश्न तिने जात्याला विचारला. जातं भिंतीकडे बघत राहिलं.

बुधवारी सकाळी ती उठली, डोक्यावर पदर नीट घेतला आणि गल्लीत उतरली. एखादं घर आपल्या कुळाचं निघालं तर बघावं, एवढंच. फाटकाच्या कड्या वाजवत ती घरोघर गेली. तुमच्यात कानबाई बसते का, कुळ कोणतं, मूळ गाव कोणतं. पहिल्या घरच्या मास्तरीणबाई अमळनेरकडच्या, त्यांची कानबाई सासरी बसते. पुढचे लोक विदर्भातले, त्यांना कानबाई म्हणजे कोणी आजारी नातेवाईक वाटली, त्यांनी कोणत्या दवाखान्यात आहेत असं विचारलं. एका घरात बाईने दाराची साखळी न काढता सांगितलं की आम्हाला काही घ्यायचं नाही. असं करत ती गल्लीच्या टोकाला, अकराव्या फाटकाशी आली. तिथे नथ्थू नावाचा माणूस राहत होता. एस.टी.चा रिटायर ड्रायव्हर, बायको वारलेली, मुलगे परगावी. तो अंगणात एकच ताट विसळत होता. एकच वाटी, एकच तांब्या. तानुबाईने कडी वाजवायच्या आत त्याने वर पाहिलं. दोन महिने तो तिला पायरीवर बसलेली पाहत होता.

तिने तेच विचारलं. त्याने ताट उपडं घातलं, हात धोतराला पुसले. तो मूळचा बोदवडकडचा, म्हणजे साक्रीच्या उलट टोकाचा, आणि बोली तिकडची. पण तो पटकन म्हणाला, की हो, बसायची ना कानबाई, आणि आमचं मूळही तिकडलंच, साक्रीकडचं. कोणतं गाव? तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, खैरखेडं. फाट्यावर चिंच आहे, चिंचेला लागून पाणपोई, आणि पुढच्या वळणावर म्हशी बसलेल्या असतात त्या हॉर्नने उठत नाहीत.

एवढी खूण सांगितल्यावर तानुबाई काय संशय घेणार? ती त्याला हाताला धरूनच घेऊन आली असती. हाताला धरलं नाही, पण पुढे चालताना तीनदा मागे वळून पाहिलं, येतोय ना म्हणून.

पाट मांडला. पुष्पाने दूध तापवलं. नथ्थू मांडी घालून बसला, आणि जेवू लागला तसं तानुबाईला कित्येक महिन्यांनी घर घरासारखं वाटलं. माणूस उपाशी नव्हता, पण कोणासमोर बसून जेवायला भुकेला होता. असा निवांत खायचा, मध्ये मध्ये बोलायचा, पुष्पाच्या मशीनला तेल कुठे घालायचं ते सांगायचा. पुष्पाने त्या दिवशी मशीन लावलंच नाही. एक रोट तो एकटा खाऊन गेला.

आणि उठायच्या आधी त्याने शेवटचा तुकडा, दुधात भिजवलेला, ताटाच्या कडेला वेगळा काढून ठेवला.

तानुबाईने तो पाहिला. गायीचा घास. चांगल्या घरचा माणूस कुठेही जेवला की काढतो तसा. पण रोटाच्या ताटात गायीचा घास कोणी काढत नाही, कानबाईच्या कुळात लहान पोरालाही हे ठाऊक असतं. कण बाहेर जाऊ द्यायचा नाही, मग गाय कुठली. हा माणूस त्यांच्या कुळाचा नव्हता. कानबाईच्या कोणत्याच कुळाचा नव्हता.

"तुम्ही रोटमा गायना घास काढतस का?" तिने विचारलं.

नथ्थूने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काय चुकलं ते त्याला कळलं नाही, पण काहीतरी चुकलं हे कळलं. त्याचा रंगच उतरला. पुष्पा ओट्यापाशी भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"तिकडे नाइटला गाडी मुक्कामाला असायची, साक्रीला," तो खाली बघत म्हणाला. "वीस वर्षं. म्हणून गाव माहीत. मी खोटं बोललो, बाई. घरात एकट्याने जेवण गळ्याखाली उतरत नाही हो." आणि तो उठू लागला.

तिच्या डोळ्यांसमोर टोपलं होतं. कालच तिने पोराला सुनावलं होतं, की कानबाईला फसवायचं नाही. आता हा माणूस उठेल, अंगणात हात धुईल, अकराव्या फाटकात जाईल, कडी लावेल. उद्यापासून ती पायरीवर बसली की तो तोंड फिरवून जाईल. आणि रविवारी तोताराम येईल.

"बसा," ती म्हणाली. "तुमना आजाना नाव काय?"

"सदाशिव," तो अर्धवट उठलेला तसाच म्हणाला.

"शिवा," तानुबाई म्हणाली. तिने डोळे मिटले, जणू आठवतेय. "आमचे आजेसासरे चार भाऊ. धाकला रागावून घरातून निघून गया. दुष्काळना साल. परत उनाच नही. बठ्ठा लोक त्याना नाव विसरी ग्यात. शिवाच व्हता तो."

असा कोणी भाऊ नव्हता. निदान तिला ठाऊक नव्हता. पण एवढ्या मोठ्या कुळात कोणी कधी रागावून निघून गेलाच नसेल, हेही तिला पटत नव्हतं. नथ्थूने तिच्याकडे टक लावून पाहिलं. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आजा रागीट होता खरा," तो म्हणाला, आणि खाली बसला.

"तो घास खा, नथ्थूभाऊ. आपल्यात गायना काढत नही."

त्याने तो भिजका तुकडा उचलला आणि खाल्ला. वेळ लागला त्याला. पुष्पाने पाठ फिरवून भांडं धुवायला घेतलं, ते आधीच धुतलेलं होतं.

गुरुवारी तो आला तेव्हा पाय पुसून, वहिनी म्हणून हाक मारून आला. रात्रभर त्याने विचार केला असावा, कारण शिवाआजाची बरीच माहिती त्याच्याकडे जमली होती. शिवाआजा खैरखेड्याहून निघाला तो रागाने इतका तापलेला, की ज्या झाडाखाली टेकला त्याच्या कैऱ्या पिकल्या. तानुबाई म्हणाली, ते खरं, त्या झाडाला आजही होळीच्या आधी आंबा पिकतो. शुक्रवारी कळलं, की शिवाआजाने जाताना घरचं जातं डोक्यावर घेतलं होतं, भावांना पीठ मिळू नये म्हणून, आणि बोदवडला पोहोचेपर्यंत त्याची उंची चार बोटं कमी झाली होती. कुंदाने विचारलं, मग आपल्या घरात जातं कुठून आलं. तानुबाई म्हणाली, दुसरं घेतलं, ते जिन्याखाली आहे ते. शनिवारी रुपचंदलाही राहवलं नाही, त्यानेही शिवाआजाला तापीच्या पुरात एकदा पोहायला लावलं. तेवढ्या चार दिवसांत त्या घरात इतकं बोलणं झालं की भिंतींचा नवा चुना पोपडला असावा. आणि बोलता बोलता रोट जात होते. शनिवारी संध्याकाळी टोपल्यात एकच उरला.

रविवारी सकाळी नथ्थू आला नाही.

नऊ वाजले, साडेनऊ झाले. कुंदा जाऊन आली, म्हणाली दाराला आतून कडी आहे, आजोबा हाक ऐकत नाहीत. तानुबाईला कळलं. चार दिवस गंमत होती. आज कुळाचा कारभारी येणार, देवीसमोर बसून खोटं बोलायचं, माणसाचा धीर सुटणारच. घरातल्या चौघांनी एक रोट तोंडात घातला असता तर तासाभरात संपला असता. पण पुष्पाने पाट मांडून ठेवला होता तो तसाच होता, आणि कोणी त्याला हात लावेना. तेवढ्यात फाटक वाजलं. तोताराम. डोक्याला पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी, घडी न मोडलेली.

त्याने पाणी घेतलं, घर पाहिलं, फरशीवरून जपून चालला. मग सरळ टोपल्याशी आला आणि फडकं उचललं.

"एक शे," तो म्हणाला.

"दिवस सरना नही अजून," तानुबाई म्हणाली. "खाणारा आते येस."

कोण खाणारा, असं त्याने विचारलं. आता सांगणं आलं. तिने सांगितलं, आपल्या शिवाआजाचा नातू गल्लीत सापडला. तोतारामने फडकं परत टाकलं, खुर्चीत बसला, पिशवी मांडीवर ठेवली. आणि दारात नथ्थू उभा होता. आंघोळ केलेला, पांढरा सदरा, परीटघडीचा. कपाळाला कुंकू. चेहरा असा, की ब्रेक लागत नसलेली गाडी घाटातून उतरवतोय.

तोतारामने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिवाआजाना नातू का तू?"

"हो."

"म्हणजे तो लंगडा?"

शिवाआजाने चार दिवसांत सगळं केलं होतं, पण तो लंगडला नव्हता. नथ्थूने आपल्या पायांकडे पाहिलं.

"डाव्या पायाने," तो म्हणाला.

"उजव्या," तोताराम म्हणाला.

"हो. समोरून येताना डावा वाटायचा."

तोतारामने पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली, टोपी काढली आणि पाटावर येऊन बसला. म्हणाला, भाऊबंद जेवायला आला असताना दुसऱ्याने नुसतं बघत बसायचं ही कुठली रीत, वाढ सूनबाई. शेवटचा रोट दोघांत मोडला. नथ्थूने या वेळी ताट असं पुसून खाल्लं की ते धुवायची गरज राहिली नाही. टोपलं रिकामं झालं. पुष्पाने ते उपडं घातलं, आणि रुपचंद उगीचच बाहेर जाऊन फाटकाची बिजागरी हलवून आला.

दुपारी तोताराम निघाला. तानुबाई त्याला सोडायला गल्लीच्या टोकापर्यंत गेली. रिकामी पिशवी त्याने परत काखेत मारली होती. थोडं चालल्यावर, मागे न बघता, तो म्हणाला,

"वहिनी, शिवाआजा नावना कोनी नव्हता."

तानुबाईचे पाय थांबले. "मंग लंगडा कोन?"

"तो मी बनाया. नुसता नावना मानूस पटत नही. त्याना पायमा काही तरी लागस."

ती हसली, आणि तोतारामही हसला, पण त्याचं हसू लवकर संपलं. रस्त्याच्या कडेला टपरी होती, तिथल्या बाकावर तो टेकला. त्याने सांगितलं ते रस्त्याकडे बघत, जणू गाडीचीच चौकशी करतोय. कापसात निंदणी-बिंदणी काही नव्हती. निंदायला माणसं पाहिजेत. वना सुरतेच्या मिलमध्ये गेला, ती गाव सोडून आली त्याच महिन्यात. हिलालही गेला, दोन्ही पोरं घेऊन, तिथेच उधन्याला खोली केली. त्यांच्या मागे बाकीचे. नावं सतरा आहेत, पण गावात आता पाच. कानबाईला ये म्हणून त्याने सगळ्यांना पत्रं टाकली होती, कोणाला मिलमधून सुटी मिळाली नाही. मग जळगावला पाचांनी येऊन बसायचं, आणि वहिनीने बाकीच्यांची नावं घ्यायची, ते त्याच्याने बघवलं नसतं. म्हणून निंदणी.

"मी पिशवी आनी व्हती," तो म्हणाला. "पन एक शब्द सांगू? रस्ताभर मना जीव धडधडत व्हता. टोपलं भरेल निघतं, नारळ लई जाना पडता, तर गावमा सतरा रोट मी कोनले घालतू?"

फडक्यात बांधून आणलेलं वाक्य आता सोडून द्यायला हरकत नव्हती. परत जायचं म्हणजे कुठे, ते गाव आता फक्त तिच्या तोंडात सतरा माणसांचं उरलं होतं. धुळ्याची एस.टी. आली. तोताराम चढला, खिडकीशी बसला. पुढच्या साली या, असं ती म्हणाली. त्याने हात वर केला, हो की नाही ते इंजिनच्या आवाजात कळलं नाही.

सोमवार उजाडला. रुपचंद डबा घेऊन गेला, डब्यात पोळी-भाजी. कुंदा शाळेत गेली. पुष्पाने मशीन सुरू केलं. टोपलं धुऊन उन्हात वाळत घातलेलं होतं. तानुबाई पायरीवर बसली. नऊची वेळ झाली, दहाची झाली. नथ्थू यायचं काही कारण नव्हतं. रोट नव्हते, आणि रोटासाठीच तो दीर झालेला. त्याच्या दारापुढे चपला होत्या, म्हणजे घरात होता. एकदा तो अंगणात आला, इकडे बघितल्यासारखं करून आत गेला. तिने पदर सारखा केला. बराच वेळ ती तशीच बसली, तोंडाशी आलेल्या शब्दांचं काय करावं हे न कळल्यासारखी.

मग ती उठली. हातात काही नव्हतं. द्यायला काही नव्हतं, मागायला काही नव्हतं, विचारायलाही काही शिल्लक नव्हतं, आणि खैरखेड्यात कोणाच्या दारी जायला यातलं काही लागतही नसे. दहा फाटकांवरून ती चालत गेली, अकराव्याची कडी काढली आणि आत जाऊन त्याच्या पायरीवर बसली.

नथ्थू दारात आला. ओल्या हातात एकच ताट.

"काय वहिनी, आज काय?"

"काही नही," तानुबाई म्हणाली. "तुम्ही ताट घासा."